अंगठ्याखालची ओळ

आमच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई हन्नाबाईंनी, एका गुरुवारी सभेहून घरी येऊन पर्स टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं की ईस्टरनंतर बायकांची सभा त्या घेणार नाहीत, दुसरी कुणीतरी घेईल. एवढं बोलून भेंडी चिरायला बसल्या. जसं काही दूधवाला बदलायचं सांगत होत्या.

मला आधी रागच आला. शरणपूर रोडच्या आमच्या चर्चमागे एक छोटा हॉल आहे. तिथं दर गुरुवारी दुपारी बायका जमतात आणि आई त्यांना शास्त्र समजावून सांगतात. माझा नवरा जीवन बालवाडीत होता तेव्हापासून हे चाललंय. सासरे गेले त्या आठवड्यातसुद्धा त्यांनी गुरुवार चुकवला नव्हता. गुरुवारी त्यांची साडी वेगळी, चाल वेगळी, आवाजसुद्धा वेगळा. हा एक दिवस काढून घेतला तर या बाईचं उरणार काय, हे सुनेला दिसत होतं आणि पोटच्या पोराला दिसत नव्हतं. जीवन म्हणाला, बरं झालं, आता आराम कर. त्याच्या पाठीत एक घालावीशी वाटली मला.

कारण होतं डोळ्यांचं. पडद्याची झीज झालेली, जिथं बघावं तिथं मधोमध धूसर. चष्म्याचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. भिंग धरलं तर हात हलतो आणि ओळ उड्या मारते. जीवननं मोठ्या अक्षराचं बायबल आणून दिलं होतं. आईंनी ते उघडलं, दोन पानं उलटली आणि मिटून ठेवलं. यात माझं काहीच नाही, म्हणाल्या.

ते खरंच होतं. त्यांचं सगळं त्यांच्या जुन्या बायबलात होतं. शाळेतल्या बाईंकडे असायची तशी एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी पेन्सिल त्या वापरायच्या. लाल म्हणजे धीर, निळी म्हणजे कानउघाडणी. आणि समासात बायकांची नावं. कुणासाठी कुठलं वचन, कुणाला कधी दिलं, कुणाचं दुखणं काय. सभा घेताना त्या समासातून नजर फिरवत आणि समोर बसलेल्या बाईला बरोबर हवं ते सांगत. त्या पुस्तकाला घरात एकच नियम होता, दुसऱ्या कुणाचं अक्षर त्यात नको. जीवननं लहानपणी त्यात बॉलपेननं एक एसटी काढली होती, तर त्याला असा चोप मिळाला की अजून सांगतो.

मी नांदगावची, बौद्ध घरातली. लग्नाआधीच मी स्पष्ट सांगितलं होतं की धर्म बदलणार नाही. त्यावर आई म्हणाल्या होत्या, स्वयंपाक येतो का? तोही येत नव्हता. तरी त्यांनी हो म्हटलं. माझे वडील आले की जय भीम म्हणतात, आई सलाम म्हणतात, आणि दोघं मिळून माझ्या तक्रारी करतात. मला ही बाई फार आवडते. सासू आहे, तरीही. म्हणून मी ठरवलं, सभा बंद होऊ द्यायची नाही.

मी सीबीएस बसस्टँडजवळ एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगला आहे. साहेबांनी नवा टॅब घेतला तेव्हा जुना मला दिला, पेनसकट. त्याच्यावर मी बायबलची ॲप उतरवत सुटले. पहिल्यात इंग्रजी झकास होतं आणि मराठी म्हणजे उपकार केल्यासारखं. दुसऱ्यात रंगानं खुणा करता यायच्या, पण रंग सगळे फिके, आईंना पिवळा आणि गुलाबी एकच दिसायचा. तिसरं रोज सकाळी टिंग वाजवून सूर्योदयाचं चित्र पाठवायचं. एक दिवस आईंनी उघडलं नाही, तर त्यानं कळवलं की तुमची वाचनाची साखळी तुटली. आई खवळल्या. इतकी वर्षं वाचतेय, आता हा डबा माझी हजेरी घेणार का, असं म्हणून त्यांनी टॅब पालथा घातला.

चौथं बरं निघालं. अक्षर हवं तेवढं मोठं, लाल आणि निळा ठसठशीत, आणि वचनाला टीप जोडायची सोय. मग मी जुनं पुस्तक घेऊन बसले. समासातलं मी वाचायचे, आई होकार द्यायच्या, आणि मी ते टाइप करायचे. टाइप केलेलं कुणाचंच अक्षर नसतं, त्यामुळे नियमही मोडत नव्हता. त्या निमित्तानं मी बसल्या जागी गुरुवारच्या बायकांच्या घराघरांत हिंडून आले. कुणाचा मुलगा दारूपायी गेलेला, कुणाची सून बोलत नाही. आईंनी मला दम भरला, यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये. मी म्हटलं, वकिलाकडे काम करते मी.

सगळं भरून झालं. रंगीत तालीम म्हणून आईंनी लंकाबाईंना घरी बोलावलं. लंकाबाई मूळच्या सुरगाण्याकडच्या, आता आमच्याच गल्लीत राहतात आणि सभेत पहिल्या रांगेत बसतात. आई टॅब घेऊन बसल्या. बोट वर सरकवलं, खाली सरकवलं. पुन्हा वर. अक्षरं वाहत राहिली. टिपेचा चौकोन एवढासा, तो दाबल्याशिवाय नाव दिसायचं नाही, आणि दाबला की वचन झाकलं जायचं. लंकाबाई मांडीवर हात ठेवून शांत बसून होत्या. शेवटी आईंनी विचारलं, "राखी, यात डावं पान कुठंय?"

मी सांगितलं, यात डावं-उजवं काही नसतं. नुसतं सरकवत जायचं.

"तू फार कष्ट घेतलेस," त्या म्हणाल्या. "पण या घरात मला स्वयंपाकघरच सापडत नाहीये."

मी उठून भांडी घासायला गेले आणि मुद्दाम आपटून घासली. रविवारचे रविवार घातले होते मी त्यात. लंकाबाई गेल्यावर आई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि समजावून सांगू लागल्या. त्या वाचून शोधतच नव्हत्या. कुठलं वचन कुठं आहे ते त्यांना जागेवरून माहीत होतं. हे डाव्या पानाच्या तळाशी, हळदीच्या डागाच्या वर. ते उजव्या रकान्यात, जिथं चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलंय. पान दुमडलेलं कुठं, फाटून चिकटवलेलं कुठं. ॲपमध्ये शब्द सगळे होते आणि जागा एकही नव्हती. माझा राग तिथंच गळून गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेब एका केसचे कागद टॅबवर बघत बसले होते. स्कॅन केलेलं जुनं खरेदीखत, शिक्का, डाग, दुमड सगळं जसंच्या तसं. दोन बोटांनी मोठं करायचं आणि पेननं त्यावर खुणा करायच्या. हेच ॲप मला मिळालेल्या जुन्या टॅबवर पहिल्या दिवसापासून होतं. ते ऑफिसचं म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. म्हटलं, राखीबाई, धन्य आहे तुमची.

आईंना घेऊन झेरॉक्सवाल्या रवीकडे गेले. त्यानं पुस्तक उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, पाठ कापू, पानं सुटी करून मशिनला लावू, पुन्हा बाइंडिंग करून देतो, कळणारसुद्धा नाही. आईंनी काउंटरवरून पुस्तक उचललं, काखेत मारलं आणि रिक्षात जाऊन बसल्या. मला रवीला थँक्यू म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

मग फोटोच काढायचं ठरलं. रविवारी उपासनेहून आलं की गॅलरीत ऊन चांगलं असायचं. आई खाली पाटावर पुस्तक धरून बसायच्या, मी स्टुलावर उभी राहून वरून फोटो घ्यायचे. जुनी पानं फुगून वर येत, म्हणून त्या अंगठ्यानं दाबून धरायच्या. मी ओरडायचे, आई, अंगठा. त्या मागे घ्यायच्या, पान उठायचं, अंगठा परत यायचा. शेवटी मी नाद सोडला. नंतर कडा कापून टाकीन म्हटलं. जीवन चहा करून देत होता आणि आपण केवढं मोठं काम करतोय असं तोंड करून बसत होता.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात काम संपलं. मी सगळी पानं ओळीनं लावली, प्रत्येक नवा भाग सुरू होतो तिथं खूण केली. आईंनी टॅब हातात घेतला, पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि हळदीचा डाग आल्यावर थांबल्या. दोन बोटांनी मोठं केलं, समासातलं एक नाव मोठ्यानं वाचलं. मग दुसरं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, गुरुवारी हाफ डे टाकून ये.

इतक्या वर्षांत मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच गेले. आईंच्या पाठीमागच्या खुर्चीवर बसले. बोर्डाच्या परीक्षेलासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. आई मात्र आपल्या आवाजात सुरू झाल्या. दिवा लावून, घर झाडून हरवलेलं नाणं शोधणाऱ्या बाईची गोष्ट त्यांनी काढली होती. पान मोठं करून वाचत होत्या, समासात बघून कुणाकुणाकडे मान वळवत होत्या. सगळं मस्त चाललं होतं आणि त्या मध्येच थांबल्या.

मला मागून स्क्रीन दिसत होता. बाईला नाणं सापडतं त्याच ओळींवर आईंचा अंगठा आला होता, फोटोतला. कडा कापायच्या माझ्या राहूनच गेल्या होत्या. आई बोटानं तो अंगठा बाजूला सारायला बघत होत्या. एकदा, दोनदा. मला वाटलं, आता त्या टॅब पालथा घालणार, आणि सगळं संपणार.

त्यांनी मान वर केली. "बायांनो," त्या म्हणाल्या, "ती बाई घरभर शोधतेय आणि नाणं माझ्या अंगठ्याखाली."

आधी लंकाबाई हसल्या, मग सगळाच हॉल. लंकाबाईंना पदरानं डोळे पुसावे लागले. आईंनी टॅब मांडीवर ठेवला आणि उरलेली गोष्ट तोंडपाठ सांगितली, एकेका चेहऱ्याकडे बघत. शेवटी पुढच्या गुरुवारी काय वाचून यायचं ते सांगून टाकलं. पुढचा गुरुवार ईस्टरनंतरचा होता.

संध्याकाळी मी म्हटलं, पुस्तक द्या, त्या पानाचा फोटो दोन मिनिटांत परत काढते, आणि बाकीचे अंगठेही कापून टाकते. आई म्हणाल्या, अंगठे असू देत, माझेच आहेत. मग टॅबचं पेन माझ्यापुढे धरलं.

"मी सांगते, तू लिही. तिथंच, अंगठ्यावर."

मी म्हटलं, आई, त्यात दुसऱ्याचं अक्षर चालत नाही.

"नियम कुणी केला ते मला माहीत आहे. लाल घे."

त्या झाकलेल्या ओळी सांगत गेल्या, मी लिहीत गेले. नखापासून सुरुवात केली, दुसरी ओळ पेरापर्यंत आली. जीवन मागून वाकून बघत होता, म्हणाला, मी एक एसटी काढली तर मला केवढं मारलं होतं. आई म्हणाल्या, एसटीला चाकं तरी नीट काढायची होतीस. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, पण मी ओळ पुरी केली.

आईंनी टॅब जवळ घेतला. दोन बोटांनी माझं अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं.

"पाठ आहे मला हे," त्या म्हणाल्या. "पण आता बघूनच वाचत जाईन."