रिकाम्या जागेने भागलेला ताण

ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. संगणकात तिने एका काल्पनिक पेटीत अणू-अणू रचून धातूचा एक पातळ पापुद्रा उभा केला होता. सकाळी तिने सहज त्याच्या वरची रिकामी जागा वाढवली, तर पापुद्रा आणखीच मऊ झाला!

रिकामी जागा कुणाला मऊ कशी करेल? बाकावर मुलं किती दाटीने बसलीत ते काढायचं, तर मुलांना बाकाने भागायचं. ताईने भागलं होतं अख्ख्या वर्गाने. पापुद्रा ताणला की अणूंची ओढाताण होते. तिची बेरीज पापुद्र्याच्या आकारमानाने भागायची. प्रोग्रॅम मात्र रिकाम्या जागेसकट सगळ्या पेटीने भागत होता, आणि तिने ते पाहिलंच नव्हतं.

ताठपणाच्या याच आकड्याच्या जोरावर मागच्या बैठकीत तिने धाकट्या बहिणीला सुनावलं होतं. धाकटी तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत खरे पापुद्रे बनवून ताणून बघायची. तिचा पापुद्रा ताईच्या आकड्याच्या दुपटीने ताठ निघाला होता. "आधी जाडी मोजायला शीक," ताई म्हणाली, आणि सगळे खो खो हसले होते.

आता ताई जिना उतरून खाली गेली. धाकटी चिमट्याने काचेवरचा पापुद्रा सोडवत होती.

"या विद्वान बाई! जुळलं बरं का एकदाचं तुझ्या आकड्याशी."

"जुळलं? कसं काय?"

"जाडीच कमी धरत होते मी, म्हणून पापुद्रा ताठ दिसत होता. जाडी मोजायचं यंत्र तुझ्या आकड्यावर लावून घेतलं. आज बैठक झाली की आपले सर तेच आकडे छापायला पाठवणार आहेत."

"अगं, तुझी जाडी बरोबर होती. चूक माझी आहे."

धाकटीने चिमटा खाली ठेवला. "मग यंत्रात खोट आहे असं मला का वाटलं, ताई?"

"मी म्हणाले म्हणून."

"हो. तू म्हणालीस म्हणून." तिचे कान लाल झाले होते. "डोळ्यांनी बघितलेलं सोडून दिलं मी."

बैठकीत सर खुर्चीत टेकायच्या आतच ताई फळ्यापाशी गेली. तिने पेटी काढली, पेटीत पापुद्रा काढला आणि आपण कशाने भागलं ते दाखवलं. "आधीची जाडीच खरी. हिला मी ती बिघडवायला लावली."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ताईने धाकटीकडे पाहिलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती मान खाली घालून जुनी जाडी परत लिहीत होती.