काटेरी कलिंगड

तिने पान उलटे केले आणि बोट चटकन मागे घेतले. मागच्या शिरेवरही काटे होते.

"जपून," स्टुलावर बसलेले बाबा म्हणाले. "चावतं ते. तुझ्या आईवर गेलंय."

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, हातभर रुंद मातीच्या पट्ट्यात ते रोप गुडघ्याएवढे झाले होते. इस्पितळात जायच्या आदल्या सकाळी आईने तिथे कलिंगडाच्या बिया टोचल्या होत्या. ती परतली नाही; महिन्याभराने हे उगवले. पाने हुबेहूब कलिंगडाची, खोल कातरलेली. बाबा रोज दोन मग पाणी घालत आणि नवे पान फुटले की लेकीला फोन करून कळवत.

लेक महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात वाळवलेल्या नमुन्यांना नावे देण्याचे काम करी. फूल पाहिल्याशिवाय ती नाव देत नसे आणि दिलेले नाव कोणाच्याही भिडेखातर बदलत नसे. विभागप्रमुख फोटो काढून, फोन सांगेल ते नाव चिकटवून मोकळे होत; त्यांच्या एकशेबारा चिठ्ठ्या तिने लाल शाईने खोडल्या होत्या. हा कडवटपणा मूळचा नव्हता. आईच्या दुखण्याला एका बहुपदवीधर गृहस्थाने, पोटाला हातही न लावता, 'पित्त' असे नाव दिले होते. सुवाच्य अक्षरातले ते नाव आठ महिने टिकले. आई टिकली नाही.

आज फूल आले होते. पिवळे, पाच पाकळ्यांचे. तिने भिंग डोळ्याला लावले. चार पुंकेसर आखूड. पाचवा लांब, तपकिरी, चोचीसारखा वाकलेला. शंकेला जागाच उरली नाही. वांग्याच्या कुळातले, परमुलखातून आलेले विषारी तण. पक्ष्यांसाठी विकत मिळणाऱ्या दाण्यांत त्याचे बी मिसळलेले असते. एकदा फळे फुटली की पुढच्या वर्षी सगळी गल्ली त्याची.

"बाबा, फळं धरायच्या आत हे उपटावं लागेल."

"का?"

तिने चष्मा काढला आणि स्वच्छ काचा पुन्हा पुसल्या.

"हे कलिंगड नाही. विषारी आहे. आईच्या बिया उगवल्याच नाहीत. हे पक्ष्यांच्या दाण्यांतून आलंय."

बाबांनी मगातले उरलेले पाणी सावकाश बुंध्याशी ओतले.

"कलिंगडाचा वेल असतो, आणि त्याला काटे नसतात, एवढं मलाही कळतं, शास्त्रीबाई. पंधरा दिवसांतच कळलं होतं."

"मग पाणी का घालत होता?"

"या खिडकीतून दाणे कोण टाकायचं?"

तिने वर पाहिले. खिडकीच्या कट्ट्यावर आईची पत्र्याची ताटली अजून होती. रिकामी.

"चल," बाबा उठले. "उपटायचं म्हणतेस तर आजच. उद्यावर टाकलं तर माझ्याच्याने व्हायचं नाही."

त्यांनी आतून आईचे भांडी घासायचे रबरी हातमोजे आणले. ते त्यांच्या पंजांना अर्धेच बसले. लेक पुढे झाली, तशी त्यांनी तिला कोपराने बाजूला सारले. दोन्ही हातांनी बुंधा धरून त्यांनी रोप मुळासकट काढले आणि माती झटकायच्या आधी थोडा वेळ तसेच धरून ठेवले.

तिने फुलासह एक फांदी वेगळी केली, वर्तमानपत्राच्या घडीत पसरली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. नाव. ठिकाण. तारीख. शेवटचा रकाना होता: आपोआप उगवलेले की लावलेले? या रकान्यात थापा मारणाऱ्यांची तिने आजवर कधी गय केली नव्हती.

तिने लिहिले: लावलेले.

पुढे लावणाऱ्याचे नाव लिहायची जागा होती. तिथे तिने आईचे पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिले आणि शाई वाळेपर्यंत घडी मिटली नाही.