माझ्यावर लिहिलेले एक अभिनंदन

मित्रांनो, मी एक जुना वार्ताफलक आहे. आता बुद्धविहारामागच्या भिंतीला टेकून पडलो आहे, पण एके काळी माझा मोठा थाट होता. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, सार्वजनिक नळाजवळ, पंचशील मित्र मंडळाने मला १९८१ साली उभे केले. सुताराने चांगली जाड चौकट दिली, वर पत्र्याचे छप्पर घातले, आणि लिहिण्याचे काम धोंडिरामकडे आले.

धोंडिराम शाळेत शिपाई होता. तो खडू पाण्यात भिजवून लिहायचा, म्हणजे अक्षर वाळल्यावर पांढरेशुभ्र उठून दिसे. रॉकेल कधी येणार, कुणाचे निधन झाले, सारे तो लिही. पण त्याचे लाडके शब्द दोनच, 'हार्दिक अभिनंदन'. दहावी पास झालेल्या मुलीचे अभिनंदन, नोकरीत कायम झालेल्याचे अभिनंदन. आपले नाव माझ्यावर आले की माणसे उगाच दोनदा पाणी भरायला येत. मलाही त्याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू?

१९८५ साली निवडणूक तोंडावर आली होती. वस्तीचे पाणी चोरून विकणाऱ्या टोळीविरुद्ध वस्तीतल्या सीताराम नावाच्या तरुणाने सह्या गोळा केल्या. त्या टोळीवर एका पुढाऱ्याचा हात होता. एका सकाळी, माझ्यापासून दहा पावलांवर, टोळीतल्या चौघांनी सीतारामला भोसकून ठार केले. रांगेतल्या बायकांना चौघांचीही नावे माहीत होती. पण भीतीने कुणी तोंड उघडले नाही, आणि पोलिसांच्या कागदावर 'अज्ञात इसम' एवढेच आले.

सीतारामची आई सुंदराबाई रोज ठाण्यात जाई. तपास चालू आहे, एवढेच उत्तर मिळे. मग धोंडिराम माझ्यावर लिहू लागला, 'तपासाचा आज बारावा दिवस. आरोपींची नावे जाहीर करा.' माझ्यासमोर रोज वाद होऊ लागले. कुणी म्हणे, तपास गुपचूपच व्हायला हवा, नाहीतर आरोपी पळतील. कुणी म्हणे, पुढाऱ्याला वाचवायला सगळे झाकून ठेवले आहे. मोर्चाही निघाला. पण कागदावरचे 'अज्ञात इसम' काही हलले नाहीत.

एकविसाव्या दिवशी, त्या सकाळी रांगेत असलेली सुंदराबाईची शेजारीण कमल एकटीच ठाण्यात गेली आणि चारही नावे सांगून जबाब देऊन आली. तिने ते फक्त सुंदराबाईच्या कानावर घातले. सुंदराबाईच्या पोटात ते राहिले नाही, तिने धोंडिरामला सांगितले. त्याने मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसले, खडू भिजवला, आणि सुरेख अक्षरात लिहिले, 'चारही आरोपींविरुद्ध निर्भयपणे जबाब देणाऱ्या आयुष्मती कमलताईंचे हार्दिक अभिनंदन!'

दुपारपर्यंत सारी वस्ती वाचून गेली. टोळीतले दोघेजणही आले. त्यांनी ओळीवर बोट फिरवत सावकाश वाचले. मला ती अक्षरे पोटात घेता आली असती तर किती बरे झाले असते!

संध्याकाळी त्यांनी कमलच्या नवऱ्याला रस्त्यात गाठले आणि त्याची मुले किती वाजता शाळेतून सुटतात ते त्यालाच सांगितले. दोन दिवसांत कमलच्या घराला कुलूप लागले. पुढे कोर्टात कमल मान खाली घालून म्हणाली, की तिने काहीच पाहिले नव्हते. चौघेही सुटले.

त्या दिवशी सुंदराबाई माझ्यासमोर आली. तिला वाचता येत नव्हते.

"कमलचं नाव कुठं लिहिलं होतंस रे?" तिने धोंडिरामला विचारले.

त्याने जागा दाखवली. तिथे हात ठेवून ती म्हणाली, "मी तुला सांगितलं, तू लिहिलंस. आपण दोघांनी तिला विचारलंच नाही."

धोंडिराम रडला. त्यानंतर त्याने कधी खडू हातात घेतला नाही. माझ्यावर निवडणुकीची पोस्टरे चिकटली, मग मला इथे आणून टाकले.

मित्रांनो, मला रंग द्या असे मी म्हणत नाही. प्रश्न विचारले त्याचेही मला दुःख नाही, ते विचारायलाच हवे होते. पण जी चार नावे उघड व्हायला हवी होती ती माझ्यावर कधीच आली नाहीत, आणि जे एक नाव जपायचे होते ते मी भर दुपारी सगळ्यांना दाखवले. कुणी धीर करून खरे बोलले, तर त्याचे नाव घेण्याआधी त्याच्या दारी जाऊन त्याला विचारा.

सुंदराबाई दर पौर्णिमेला विहारात येते. माझ्याकडे ती बघत नाही.