शिळा कागद

"मडकं घेताना चार ठिकाणी वाजवून बघता," भात्याची दोरी ओढत लोहारीण म्हणाली, "अन् जमीन घेताना नुसती मान हलवून आलात?"

"मान हलवून नाही आलो. शिक्का बघितला, सही बघितली. नोंदवलेला कागद आहे, त्याच्या नावावर." लोहारानं तापलेला फाळ ऐरणीवर धरला आणि घण असा हाणला, की बोलणं तिथंच संपावं.

पण लोहारणीचं बोलणं घणाला भिणारं नव्हतं. "त्यानं दाखवला तो कागद बघितला. कचेरीत जाऊन आजची नोंद बघितली का?"

"कचेरीत खेटे घालेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक उचलेल. तोच म्हणाला."

"म्हणणारच! गुळतोंड्याच तो."

ओढ्याकाठचा तुकडा विकायला काढणाऱ्या त्या माणसाला गावानं हे नाव उगाच दिलं नव्हतं. त्यानं शिवी दिली तरी आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटायचं. आणि लोहार तर आधीच गांजलेला. ज्याच्या अंगणात भट्टी होती, तो 'जागा रिकामी कर' म्हणत सारखा दारात उभा राहायचा. जन्मभर लोहारानं परक्याच्या जागेत विस्तव पेटवला. एकदा तरी ऐरण आपल्या मातीत रोवावी, एवढीच त्याची आस होती. त्या आशेपायी गाठीला होतं नव्हतं ते सगळं त्यानं इसार म्हणून गुळतोंड्याच्या हातावर ठेवलं होतं. बायकोला सांगितलं होतं त्यातलं अर्धंच.

तसा काही तो डोळे मिटून गेला नव्हता. दोनदा जाऊन जमीन पाहिली होती. उन्हानं ढेकळं दगडासारखी झालेली. एक फोडून त्यानं माती हुंगली, चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. बांधाला छपरात एक म्हातारी राहायची. तिच्याकडे पाणी मागितलं आणि तांब्या रिकामा होईस्तोवर सगळं विचारून घेतलं. पावसात पाणी कुठं साचतं, खडक किती खाली लागतो, साप निघतात का. म्हातारीनंही हातचं न राखता सांगितलं. लोहाराला वाटलं, राखणीला ठेवली असेल.

शेवटी बायकोच्या रोजच्या कटकटीला कंटाळून तो तिला घेऊन कचेरीत गेला. कारकुनानं नोंद पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ही जमीन त्याची होती. आता नाही. त्यानं आईला बक्षीस लिहून दिलीय, मागंच."

"पण साहेब, मी कागद बघितला की! शिक्क्याचा!"

"कागद खराच असेल. त्यानं विकत घेतली तेव्हाचा. पुढं काय झालं ते त्या कागदाला कसं कळणार, बाबा? शिळा कागद तो."

लोहार बाकावर टेकला.

"इसार खरंच किती दिला?" लोहारणीनं विचारलं.

त्यानं सगळं खरं सांगितलं. ती उठली आणि तडक त्या माणसाच्या घराकडे निघाली.

गुळतोंड्याच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गेला कुठंसा. आता येतोय कशाला इतक्यात? आईला विचारा हवं तर. ती काय, ओढ्याकाठच्या छपरात."

लोहारानं कपाळावर हात मारून घेतला.

म्हातारी दारातच सुपात धान्य पाखडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं, पण सूप थांबवलं नाही.

"सून भांडून निघाली, तेव्हा तिला वाटा जाऊ नये म्हणून माझ्या नावावर केली. आता माझी सही मागतो. नाही दिली, तर बोलणं टाकलं माझ्याशी."

"आजी, मी दोनदा आलो. तुम्ही सांगायचं नाही का?"

"तू साप विचारलेस, खडक विचारलास. जमीन कुणाची, हे विचारलंस का? मला वाटलं, विहीर खणणारा असशील."

लोहारणीच्या डोळ्यांतून आता धारा लागल्या. म्हातारीचं सूप थांबलं.

"विकायची तर मी नाही. मरेपर्यंत मला हीच माती आहे. अन् पोरानं खाल्लेलं मी कुठून भरू? पण ऐरण आण तुझी, त्या झाडाखाली रोव. भाडं नको. मी आहे तोवर तुला कुणी उठवणार नाही."

लोहारीण डोळे पुसून पुढं सरकली. "अन् तुमच्यामागं? कागदावर द्याल का लिहून?"

म्हातारीनं ओढ्याच्या कोरड्या पात्राकडे पाहिलं. "पोटचा आहे गं," ती म्हणाली. "माझ्यामागं त्याचंच."

ऐरण झाडाखाली रोवली गेली. काम चालू झालं, हाताला जोर आला. पण म्हातारीला खोकला आहे, आणि थंडीत तो वाढतो. लोहारीण आपल्या घासातला घास आधी तिला नेऊन देते. माया किती आणि भीती किती, तिचं तिलाही सांगता यायचं नाही. आणि लोहार रोज सकाळी भट्टीत निखारा घालण्याआधी मान वळवून छपराकडे बघतो. तिथून धूर निघाला, की मगच भात्याला हात घालतो.