जर्मनीच्या राणीची कहाणी

श्रावणी सोमवारचा उपास द्वारकाबाई कहाणी ऐकल्याबिगर सोडत नसत. मुठीत अक्षता घ्यायच्या, कहाणी पुरी झाली की महादेवाला वाहायच्या, मगच घास. त्यांना अक्षरओळख नव्हती. पोथी वाचायची ती धाकटी सून बेबीनंदा. तिचा नवरा वसंता गेल्याला वर्ष होत आलं होतं. विधवेच्या तोंडून कहाणी ऐकते म्हणून राजूरच्या बायका कुजबुजत, पण द्वारकाबाईंनी ते कधी मनावर घेतलं नाही.

त्या सोमवारी मात्र पोथी सापडेना.

"ट्रंकेत गेली वाटतं, आत्याबाई," बेबीनंदा खाली मान घालून म्हणाली. "पार तळाशी."

ट्रंक भरून ओसरीवर ठेवली होती; उद्या सकाळच्या एसटीनं बेबीनंदा ती घेऊन परतूरला, माहेरी जाणार होती. तिनं आता तिकडंच राहावं, असं थोरल्या सर्जेरावचं म्हणणं. थोरल्या लेकापुढं द्वारकाबाईंचं तोंड उघडत नसे.

"ऱ्हाऊ दे. हातातल्या पुस्तकात हाय का एखादी राणी?"

"हे बी.ए.च्या परीक्षेचं आहे. जर्मनीची राजघराणी."

"महादेवाला कुठलीबी राणी चालती. सांग."

बेबीनंदा हसली, तशी बऱ्याच दिवसांनी. "थुरिंजिया नावाचं राज्य होतं. लुडविग राजा, एलिझाबेथ राणी. दुष्काळात तिनं धान्याची कोठारं गोरगरिबांना उघडी केली. राजा लढाईला निघाला, तो वाटेतच तापानं गेला. राणी विशीची, पदरात लहान लेकरं."

"मंग?"

"मंग दिरानं कारभार हाती घेतला. राणी ऐन थंडीत किल्ला उतरली."

"उतरली का उतरवली?"

"दोन मतं आहेत. कुणी म्हणतं दिरानं काढलं, कुणी म्हणतं आपणच गेली."

"अशा थंडीत लेकरं घेऊन कोण आपणच जातं बाई! आन सासू?"

"होती. सोफिया."

"काय म्हणली ती?"

"त्याचं काही लिहिलेलं न्हाई."

द्वारकाबाईंची मूठ घट्ट झाली.

"आई, जेव की!" सर्जेराव दारातून म्हणाला. "आज लईच लांबली कहाणी?"

"जर्मनीची हाय बाबा. भाऊबंदकी तिकडंबी हाय. बस हितं. उद्या गावानं इचारलं, बेबी का गेली, तर काय सांगशील?"

"आपणच गेली म्हणायचं."

"आन आई काय म्हणली, असं इचारलं तर?"

सर्जेराव उंबऱ्यावर टेकला.

"आई न्हाई म्हणली, असं सांग." द्वारकाबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "हे तिचं घर हाय. परीक्षा ती हितूनच देईल."

"मी काय वाईट मनानं..."

"मला ठावं हाय, सर्जा."

तो उठला आणि ओसरीवरची ट्रंक त्यानं आत ओढून आणली.

"पुढं चांगलं झालं का गं त्या राणीचं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"न्हाई, आत्याबाई. चोविसाव्या वर्षीच गेली."

त्या लेकीच्या नावानं द्वारकाबाईंनी अक्षता वाहिल्या, आणि बेबीनंदाचं ताट आपल्या ताटाजवळ ओढून घेतलं.