हाताने टाकलेला आकडा

ऑफिसात तिला सगळे ड्रॉइंगताई म्हणत. पंचवीस वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर इमारतींचे नकाशे काढून बोटं अशी सरावली होती की कीबोर्डकडे बघायचं कामच नव्हतं. त्यामुळे साहेबांनी नवी आवृत्ती घ्यायचं काढलं तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

"वीस जुने नकाशे दोन्हीकडे उघडा, काय फरक दिसतो ते लिहून द्या. मग ठरवू," साहेब म्हणाले.

ताईचं मनातून आधीच ठरलं होतं. नवी आवृत्ती उघडायला वेळ खायची, नेहमीची बटणं भलतीकडेच जाऊन बसली होती. सात नकाशांत तिने पानभर तक्रारी लिहिल्या.

आठवा नकाशा एका शाळेचा, नऊ वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्याची उंची पंच्याऐंशी सेंटीमीटर. जुन्या आवृत्तीत तो आकडा चारचौघांसारखा पांढरा, नवीत मात्र लाल. सापडली खोट, म्हणून ती खूश झाली. मग तिने लाल रंगाचा अर्थ वाचला: हा आकडा मोजून आलेला नाही, हाताने टाकलेला आहे. तिने रेघ मोजली. रेघ एकशे दहाची होती.

घाईघाईत एका बंगल्याच्या नकाशातून तिनेच तो कठडा उचलला होता. शाळेला उंच कठडा लागतो म्हणून रेघ वाढवली, पण हाताने टाकलेला आकडा आपोआप बदलत नाही, हे ध्यानातच राहिलं नाही. आणि गवंडी रेघ मोजत नाही, आकडा वाचतो.

साहेबांनी ऐकून घेतलं, दार लोटलं. "नऊ वर्षांत कुणी पडलं का? नाही ना? मग झाकली मूठ राहू द्या."

दुपारच्या सुट्टीत ती टेप घेऊन शाळेत गेली. कठडा तिच्या कमरेच्याही खाली येत होता. टेप लावायची गरज नव्हती, तरी तिने लावली. पंच्याऐंशी.

मुख्याध्यापिकाबाई शेजारी उभ्या होत्या. ताईने त्यांना आपली चूक सांगितली.

"मागच्या वर्षी चौथीतली एक मुलगी इथून खाली जाता जाता वाचली," त्या म्हणाल्या. "वर्गातल्या मैत्रिणीने फ्रॉक धरला म्हणून. वाकून बघतेस म्हणून आम्ही तिलाच आठवडाभर बाहेर उभं केलं."

"तुमची चूक मला लिहून द्या," बाई म्हणाल्या, आणि तिने तिथेच, त्यांच्या टेबलावर, सहीनिशी लिहून दिलं. त्याच दुपारी गॅलरीला कुलूप लागलं.

साहेब ओरडले नाहीत. "घरी सांगून ठेवा," एवढंच म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

घरी नवरा म्हणाला, "बरं केलंस." पण जेवताना त्याने मान वर केली नाही.

महिना संपायला एकोणीस दिवस होते. नवी आवृत्ती चाचणीपुरती अजून चालू होती. त्या बंगल्याचा कठडा आपण आणखी कुठे कुठे उचलला होता, ते ताईला नक्की आठवत नव्हतं. तिने पंचवीस वर्षांचे नकाशे एकेक करून उघडायला घेतले. पहिल्या दिवशी चाळीस झाले. त्यांत दोन आकडे लाल निघाले. एक दवाखान्याचा होता.