लाटा पोटात घालणारा उतार

मी एक जुना उतार आहे. हसू नका मित्रांनो, उतार कधी बोलतो का, हे मलाही ठाऊक आहे. त्यातून वयही उताराला लागलेलं, म्हणजे नाव आणि दशा एकच. पण आता मला भिंतीला टेकवून ठेवलं आहे, काम काही उरलेलं नाही, तेव्हा दोन शब्द बोलून घेतो.

विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली, एक लांबलचक हौद आहे. समुद्राच्या लाटांपासून वीज कशी करायची, याचा तिथे अभ्यास चालतो. हौदाच्या एका टोकाला मोटारीवर हलणारी मोठी फळी असते. ती लाटा ढकलते. मध्ये एक पिवळा तरंगा दोरीला बांधलेला असतो. लाटेवर तो खालीवर झाला की त्याच्या पोटातलं यंत्र फिरतं आणि काठावरचा दिवा लागतो. आणि दुसऱ्या टोकाला मी. माझं काम एकच, आलेली लाट पोटात घालायची. ती भिंतीवर आपटून मागे फिरता कामा नये.

वेल्डरने माझी चौकट जोडली, तिच्यावर जाळी आणि स्पंजाचे थर चढवले आणि मला तिरकं करून पाण्यात सोडलं. तेव्हा काय ऐट होती माझी! केवढीही लाट येऊ दे, अंगावर चढली की फुस्स. पाहुणे आले की प्रयोगशाळेचे मोठे सर त्यांना माझ्यापर्यंत आणत आणि सांगत, की हा उतार आहे म्हणून हा आमचा समुद्र, नाहीतर नुसता पाण्याचा टब. ते एक वाक्य मी कितीतरी वर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

पुढे कौतुक तरंग्याकडे गेलं. जाणारच. त्याचा रंग पिवळाधमक, त्याचा दिवा लागतो, त्याचे फोटो निघतात. माझ्या टोकाला कशाला कोण येतंय? माझ्यावर शेवाळ धरलं, स्पंज भुसभुशीत झाला, जाळी सुटली. हौद सांभाळणारे मिस्त्री कधीमधी मला काठीने टोचत आणि म्हणत, काढेल अजून दोन वर्षं. ती दोन वर्षं काही संपत नव्हती. सकाळी फळी सुरू झाली की लाटा आल्याच अंगावर. खरं सांगतो, मी थकलो होतो. लाट अर्धी पोटात जायची आणि अर्धी निसटून मागे फिरायची. ओरडून सांगायला मला तोंड कुठे होतं?

तो पिवळा तरंगा एका संशोधक मुलीने बनवला होता. ती कायम कोपरापर्यंत ओली असायची, म्हणून सगळे तिला पाणबुडी म्हणत. तिने तो कितीदा तरी मोडून पुन्हा बांधला होता. आणि त्या हंगामात दिवा असा काही लख्ख लागू लागला, की मोठे सरही खुर्चीतून उठून बघायला आले. ठरलं, तरंगा खऱ्या समुद्रात न्यायचा. बोटसुद्धा ठरली. पाणबुडीने हौदाच्या काठावरूनच आईला फोन करून हे सांगितलं.

एका दुपारी मोटार बंद करून सगळे चहाला गेले. पाणबुडी मागे राहून दोऱ्या गुंडाळत होती. तिचं लक्ष काठाकडे गेलं. दिवा अजून लुकलुकत होता. फळी थांबलेली, मग तरंगा हलवतंय कोण? ती पाण्याकडे बघत राहिली आणि मग काठाकाठाने थेट माझ्यापाशी आली. बाहीसुद्धा न सावरता तिने हात आत घातला. माझा स्पंज भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा तिच्या मुठीत आला. तिने वळून तरंग्याकडे पाहिलं. तीच लाट जाताना एकदा आणि येताना एकदा तरंग्याला हलवत होती. दिव्यातला निम्मा उजेड तिच्या मेहनतीचा नव्हताच, माझ्या थकव्याचा होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. तेही दमलेले होते. बोट ठरली आहे, माणसं येणार आहेत, समुद्रावर काय ते कळेलच, आता कशाला उकरत बसतेस, असं ते हळूच म्हणाले.

"समुद्राला पलीकडे भिंत नाही, सर," ती म्हणाली. "तिथे गेलेली लाट परत येत नाही."

 बोट रद्द करायला सरांनीच फोन उचलला.

मला बाहेर काढून नवा उतार बसवला. पाणबुडीने स्वतः पाइप धरून मला धुतलं. फळी सुरू झाली. दिवा लागला, पण मिणमिणता. मिस्त्रींनी मान फिरवली. मोटार थांबवली, पाणी निवलं आणि दिवा विझला. पाणबुडीने ओल्याच बाहीने डोळे पुसले आणि तरंगा पुन्हा सोडवायला घेतला. मला तिचा अभिमान वाटला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. वेळेवर कोणी माझ्याकडे बघितलं असतं, तर त्या पोरीची एवढी मेहनत अशी पाण्यात गेली नसती.

मित्रांनो, माझं काही मागणं नाही. पण तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, सगळ्यांचं सगळं मुकाट पोटात घालणारं. ते एखाद्या दिवशी उलटून बोललं, तर लगेच कपाळाला आठ्या घालू नका. जवळ जा आणि हात लावून बघा. पाणबुडीने मला लावला तसाच. फक्त थोडा लवकर.